चौथं चाक

भोसरीत, सेक्टर दहाच्या मागच्या गल्लीत,
भाड्याच्या शेडमध्ये आम्ही अकरा महिने
एक गाडी करत होतो.
पहिला जोड माझा:
नाण्यांची चळत तिरकी कलंडावी तसा देखणा.
मी फोटो काढून आईला पाठवला.
शिकलगार मिस्त्रींनी पाइप शिकंज्यात धरला, हातोडा उचलला.
दुसऱ्या घावाला जोड सुटला.
"वरून लागलंय पोरी, आत लागलंच नाही.
दिसायला काय, मेंदीपण दिसते.
तिच्यावर कुणी वजन टांगत नाही."

इंजिन नाना पेठेतून आणलं,
अपघातात गेलेल्या मोटरसायकलचं.
एका बाजूने डांबराने खरवडलेलं,
फटीत बुटाच्या लेसचा तुकडा, निळा.
तो बघून दुकानदाराने आपणहून दोन हजार सोडले.
आम्ही काही विचारलं नाही.
शार्दूलने लेस सोडवून खिशात टाकली.
का, ते त्यालाही सांगता येईना.

मग मार्चमधली दुपार.
पेट्रोलच्या नळीची पट्टी मी आवळली
असं शार्दूलला वाटलं,
शार्दूलने आवळली असं मला.
या दोन वाटण्यांमधून
एक थेंब तापल्या सायलेन्सरवर.
आग विझवायची लाल टाकी होती, भिंतीला होती,
तिच्यापुढे आम्हीच टायर रचले होते.
आणि इंजिन बंद करायचं बटण
उल्काच्या हाताला पुरत नव्हतं,
कारण माप घेताना सीटमध्ये मी बसले होते
आणि माझे हात लांब.

टायर हलवायला किती वेळ लागतो
ते तिच्या डाव्या मनगटावर अजून वाचता येतं.
पिंपरीच्या दवाखान्यात ती मला एवढंच म्हणाली,
"लांब हात आहेत ना? मग तो पाण्याचा तांब्या दे."

आठवड्याने तिचे वडील शेडवर आले.
सगळं बंद करायला आले असणार.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस,
गेटवर काडेपेटी काढून ठेवायची सवय इतकी मुरलेली
की स्वतःच्या घरात शिरतानाही खिसे चाचपतो.
आमच्या दारातही त्यांनी चाचपले.
गाडीभोवती एक फेरी मारली,
बोट लावलं नाही.
मग उल्काला म्हणाले, "बस. पट्टे लाव. डोळे मीट."
आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं.
"नीघ बाहेर."
अकरा सेकंद.
"जळालीस. परत."
नऊ.
"परत."
त्या संध्याकाळी इंजिन सुरूच झालं नाही.
शेजारच्या गाळ्यातले कामगार चहा घेऊन बघत उभे.
साडेचारवर ते थांबले,
घड्याळ बांधलं, म्हणाले, उद्या येतो.
रोज आले.

स्पर्धेत आमची गाडी धावली नाही.
ब्रेकच्या चाचणीत चारही चाकं एकदम जखडावी लागतात.
तीन जखडली.
चौथं हळूच, लाजल्यासारखं, फिरत राहिलं.
नळीत मोहरीएवढा हवेचा बुडबुडा;
आदल्या रात्री दोन वाजता
"झालं असेल" म्हणून मी झाकण लावलं होतं.
परीक्षकाने कागदावर फुली मारली
आणि मला पाणी विचारलं.

परत येताना टेम्पोवाल्याने
कात्रजच्या नव्या बोगद्याआधी गाडी कडेला घेतली.
काही न बोलता उतरला,
चारी चाकांना तळहाताची मागची बाजू लावून पाहिली,
आई तापलेल्या पोराचं कपाळ बघते तशी.
मग दुसरा गिअर.
या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आहेत,
आपण बातम्यांत वाचतो त्यांना.
मागून हॉर्नवर हॉर्न. तो विडी चघळत दुसऱ्यातच.

मागे हौद्यात आम्ही तिघं आणि गाडी.
उल्का पाय पसरून झोपलेली,
शार्दूलचा हात खिशात.
खाली शहराचे दिवे.
चौथं चाक माझ्या बाजूला होतं,
दोरखंडाने करकचून बांधलेलं,
फिरायचा प्रश्नच नव्हता.
तरी नवले पूल मागे पडेपर्यंत
मी त्याच्यावर हात ठेवून बसले.