टेबल क्रमांक बासष्ट

लारिसाबाईंचा कागद माझ्या हाती आला
जहाजानं व्हँकुव्हरचा धक्का सोडायच्या आधीच.
दहा चौकोन, दहा नावं, पट्टीनं आखलेल्या रेघा.
वर ठळक : गोल टेबल नको.
गोल टेबलाला टोक नसतं,
आणि आईला टोकाला बसवायचं आहे.

अठरा वर्षं मी हेच करतो.
माझं घर इलोइलोला, वर्षातून आठ आठवडे.
बाकीचे दिवस दुसऱ्यांची घरं
माझ्या टेबलांवर जेवायला येतात,
आणि खुर्ची ओढल्याच्या आवाजावरून
मला कळतं कुणाचं कुणाशी बिनसलंय.

ही मंडळी सस्काचेवानची. गव्हातली माणसं.
आजी स्तेफानिया, ऐंशी पूर्ण,
समुद्राकडे बराच वेळ बघून एवढंच म्हणाली,
"एवढं रान, आणि कुंपण नाही."

पहिल्या रात्री सगळं कागदाबरहुकूम.
टोकाला आजी. उजवीकडे लारिसा.
आजीला ऐकू येतं ते डाव्या कानानं;
त्या बाजूला लारिसानं आपला नवरा बसवला,
जो बोलतच नाही.
आणि धाकटा भाऊ बोदान थेट दहाव्या खुर्चीत,
दाराजवळ, जिथून आमच्या ट्रॉल्या जातात.
वडिलांची जमीन त्यानं विकली
की विकू दिली नाही,
सूप वाढता वाढता ऐकून
मला नीट कळलं नाही.

दुसऱ्या रात्री दहावी खुर्ची रिकामी.
तो वर अकराव्या मजल्यावर
ट्रे घेऊन खिडकीशी उभ्यानं जेवत होता.
तरी मी रोज त्याचा नॅपकिन घडी घालून ठेवला,
पाव ठेवला, पाणी ओतलं,
रोज तसंच उचलून नेलं.
वाढपी पंक्तिप्रपंच करत नाही,
ते काम जेवणारेच करतात.

पाव मात्र उचलावा लागायचा नाही.
नवव्या खुर्चीतली ओरिसिया, त्याची मुलगी, सात वर्षांची,
तो खिशात घालायची.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

पाचव्या रात्री अलास्काचं आखात.
ताटं घसरू नयेत म्हणून आम्ही टेबलक्लॉथ ओले केले,
वाट्या अर्ध्याच भरल्या.
हॉल ओस पडलेला.
बासष्टवर तिघीच आल्या,
आजी, लारिसा, आणि ती मुलगी पार तिकडं,
रिकाम्या खुर्च्यांच्या पलीकडं एकटी,
कारण कागदावर तिची जागा तीच होती.
वरचं भोजनगृह वाऱ्यामुळं बंद.
दारात बोदान,
चौकटीला धरून उभा, जहाज हलतंय म्हणून
की आणखी कशासाठी.

मी सहा खुर्च्या उचलल्या.
"वादळात नियम आहे," मी म्हणालो,
"रिकाम्या खुर्च्या पडतात, कुणाला तरी लागतं."
असा नियम नाही.
मग टेबलाचा जोड काढला. उरला एक चौकोन.
आता टोक कुठलं,
ते लारिसाबाईंनाही सांगता येईना.

तो बसला. योगायोगानं डाव्या कानाच्या बाजूला.
(योगायोगानं म्हणजे मी ती खुर्ची ओढून धरली होती.)

माफी वगैरे कुणी मागितली नाही.
मीठदाणी लारिसाकडून घसरत त्याच्याकडे गेली,
त्यानं हातानं थोपवली,
जहाज कललं तशी परत पाठवली.
मग तो आईच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटला,
आणि आजी, बहिऱ्या माणसांसारखी,
अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली,
"किती एकर?"

लारिसानं आकडा दुरुस्त केला.
त्यानं दुरुस्ती दुरुस्त केली.
ओरिसियानं खिशातून चार दिवसांचे पाव काढले
आणि बापाच्या ताटात रचले, दगडासारखे कडक.
त्यानं एक सूपमध्ये बुडवला.

सहाव्या दिवशी समुद्र निवला, दहाही जण आले.
तोच कागद, खाडाखोड करून.
डावीकडे बोदान.
दाराजवळ जावई, प्रसन्न दिसला;
ट्रॉली पुढं बोलावं लागत नाही.

आम्ही जेवतो साडेअकराला, खाली,
जिथं जागा मिळेल तिथं.
त्या रात्री मला कोपरा मिळाला.
समोर लॉंड्रीतला एक पोरगा, नवा,
नाव विचारायचं राहून गेलं.