पानं बोलतात

एल्को, नेवाडा. रात्रीचा दीड.
बाहेर हायवेवर बर्फ, आत सहा नंबरच्या टेबलावर
मी पत्ते वाटतेय. एकोणीस वर्षं झाली.

नियम फार नाहीत.
शेवटी ज्यानं पैसे वाढवले, त्यानं आधी दाखवायचं.
कोणीच वाढवले नसतील, तर बटणाच्या डावीकडून सुरुवात.
दोन्ही पानं उताणी; एकावर भागत नाही.
तोंडानं कलर म्हणा, राजा म्हणा, काहीही म्हणा,
टेबल फक्त पानांचं ऐकतं.
झाकली मूठ सव्वा लाखाची असेल
इतर कुठे. इथे तिची कवडी येत नाही.

आणि जिंकणारी पानं हातात असताना
उगाच रेंगाळू नये, समोरच्याला आशा लावून.
हे कुठे लिहिलेलं नाही. पण असं करणाऱ्याला
या गावात दुसऱ्यांदा कोणी कॉफी विचारत नाही.

बेन्यात एत्चेबेरी. वय एक्क्याऐंशी.
बाप पिरिनीजमधून आलेला, मेंढ्यांमागे.
त्यानं शेवटचे नव्वद डॉलर पुढे सरकवले.
ट्रेंट, सोन्याच्या खाणीत डंपर चालवणारा पोरगा,
म्हणाला, "बघतो."
दाखवायची पाळी बेन्यातची.
"तुझंच," म्हणाला तो,
आणि पानं पालथीच माझ्याकडे लोटली.
ट्रेंटनं राजा-राणी आपटली. दोन जोड्या.

इथे थांबायचं होतं त्यानं.
हरलेल्याची पानं बघायचा हक्क असतो,
वापरायचा नसतो.
"दाखव ना म्हाताऱ्या, कशावर उडत होतास?"

पानं अजून ढिगाला टेकली नव्हती.
आणि जिंकणाऱ्यानंच मागितली
तर मेलेली पानं उठून बसतात. हाही नियम.
मी उलटली.
बदामचा गुलाम. बदामची पंजी.
मधे बदामचे तिघे आधीच बसलेले,
राजा, नव्वी, सत्ती.

ट्रेंट ओरडला. मॅनेजर गॉर्डी आला,
सगळं ऐकलं, मान हलवली, गेला.
चिप्सचा ढीग मी बेन्यातकडे ढकलला.

त्यानं हात लावला नाही.
गुलाम उचलून दिव्याखाली धरला,
मग नाकाशी, मग हातभर लांब.
"मला चौकटचा वाटला," म्हणाला, अगदी हळू,
पण टेबल लहान आहे.
सगळ्यांची नजर गेली
त्याच्या कपाशेजारच्या पिकअपच्या किल्लीवर.
घर बेचाळीस मैल. सगळा घाट.

पानं बोलतात म्हणे.
आज जरा जास्तच बोलली.

मी पुन्हा पिसले. वाटले.
मधली तीन उताणी केली आणि का कोण जाणे
नावं घेतली, मोठ्यानं:
किलवरची दश्शी. चौकटचा एक्का. इस्पिकची दुरी.
अशी पद्धत नाही.
ट्रेंटनं वर बघितलं. चेहरा अजून लाल.

चौथं पान मी टाकलं,
आणि माझ्या आधी तोच म्हणाला,
चिडूनच, भिंतीकडे बघत,
"बदामची तिरी."