फुटाला एक सूत

ओतलेलं बीड निवताना आकसतं,
म्हणून आमची पट्टी जगाच्या पट्टीहून
फुटाला एक सूत लांब असते.
उद्यमनगरात एकतीस वर्षं सागवानाचे पॅटर्न करतोय.
आकसणार ते आधीच मोठं करून ठेवायचं,
एवढंच खरं तर शिकलो.

रविवारी पाचगावच्या माळावर गेलो, सॅम्पल फ्लॅट बघायला.
'देवराई एन्क्लेव्ह'.
एकही झाड कमरेच्या वर नव्हतं, पण प्रत्येकाला पाटी होती.
कमानीवर रखवालदारानं नंबर लिहून घेतला,
कशासाठी आलाय विचारलं.
"घर बघायला," म्हणालो
आणि स्वतःच दचकलो.

शिंत्रे नावाचा पोरगा, टायची गाठ सैल,
कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप समजावत होता.
घर एक, मापं तीन.
यात जिना धरलाय, लिफ्ट धरलीय,
कमानीखालचा वाराही थोडा धरला असावा.
त्याची पाठ वळली तशी पिशवीतली पट्टी काढून
बेडरूम मोजली.
दहा फुटाला सव्वा इंच कमी!
क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं.
मग ध्यानात आलं, पट्टी कामावरची.
भिंत खरी होती. माप माझंच मोठं.

विजयमाला काही बोलत नव्हती.
ओट्यावरून हात फिरवला, खिडकी उघडून
खाली बघितलं, पुन्हा बघितलं,
आणि एकच प्रश्न विचारला :
"पाणी कुठवर येतं?"
"चोवीस तास, मॅडम. थेट सातव्या मजल्यापर्यंत. फुल प्रेशर."
पोरगं सोलापूरकडचं, गेल्या दिवाळीत इकडं आलेलं.
त्याच्या गावात पाणी येतं
ती बातमी चांगली असते.

आम्ही सुतारवाड्यातली माणसं.
राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस झाले की गॅसची टाकी वर,
एकेचाळीसला अक्काताई मगदुमांची शेळी मठात,
त्रेचाळीसला आपण.
एकोणीस साली ते पंचावन्नावर गेलं.
देवांच्या फोटोच्या हातभर वर
भिंतीवर त्याची रेघ आहे.
तीनदा रंग दिला, तरी उमटते.
घरात ठेवलेले चाळीस पॅटर्न दारातून निघून गेले.
लाकूड तरंगतं,
हे त्या दिवशी पहिल्यांदा आवडलं नाही.

घरी येऊन नियमांची पुस्तिका वाचली. चोवीस पानं.
बाल्कनीत कपडे वाळवायचे नाहीत.
पाहुणा आला की आपल्या मोबाइलवर आकडा येणार,
तो पाहुण्यानं गेटवर सांगायचा.
म्हणजे दस्तगीर, जो तीस वर्षं
"हाईस का रं" म्हणत सरळ आत येतो,
पायरीवर बसून बशीतला चहा फुंकतो,
त्याला आकडा.
पान सतरा : ठोकाठोक, करवत, रंधा
अकरा ते एक, तेही लेखी परवानगीनं.
देखभाल चौरस फुटाला साडेतीन, दरवर्षी वाढीव.
निवल्यावर आकसेल असं त्यात काहीच नाही.

मी म्हणालो, हप्ता वीस वर्षांचा, आणि मी त्रेपन्न.
ती म्हणाली, "आणि टाकी माळ्यावर कोण चढवणार?
तुम्ही त्रेपन्न."
आकडा एकच,
दोघांनी दोन टोकांनी धरलेला.
अनुजा बंगळूरहून फोनवर :
"घ्या नाहीतर नको घेऊ. जुलैत मला झोप लागली पाहिजे."

मंगळवारी शिंत्रे. टोकन कधी देताय काका?
पंधरवड्यात दर वाढतोय.
बघू म्हणालो.
त्या दिवशी बंधाऱ्यावर अकरा फूट होतं,
नदी अशी गुमान, जणू ती नव्हेच.

रात्री भांडी झाल्यावर पुस्तिका घेऊन ती उठली.
मला वाटलं, रद्दीत.
तिनं स्टूल ओढलं.
रेशनकार्ड, अनुजाची सर्टिफिकेटं
ज्या फळीवर प्लास्टिकच्या डब्यात असतात,
रेघेच्या वर,
तिथं ती ठेवली,
उतरली, आणि ओटा पुसायला लागली.
मी विचारलं नाही.

दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बसलो होतो,
शून्याला शून्य जुळवून.
पहिल्या इंचाला
फरक दिसतच नाही.