गुडघे

दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर
एक लोखंडी बाक आहे,
भावाने शाळेच्या लिलावातून आणलेला.
त्यावर बेंबीखालचा चार बोटांचा पट्टा टेकवून
मी पालथी होते. बाकी सगळं अंग हवेत.
टाकीला टेकवलेला फोन बाजूने बघत राहतो.
समोरच्या गच्चीवर कोकिलाबेन पापड उलटतात.
आधी विचारायच्या, कंबर दुखते का?
आता विचारत नाहीत.

तीन मिनिटं. मग मांड्या थरथरतात.
खरी उडी याहून कमी वेळाची असते,
पण तिथे बाक नसतो.

सुरुवातीला शिकवलं होतं: कमान कर.
पोट पुढे, हात मागे, पाय मागे.
पडणाऱ्या माणसाला कमान सांभाळते.
दोनशे वेळा मी कमान होऊन पडले.
मग पंखांचा पोशाख चढवला,
मनगटापासून कमरेपर्यंत कापड, दोन पायांत कापड,
आणि सांगितलं, आता कमान विसर. सपाट हो.
खांदे पुढे वळव, छाती आत घे,
जणू कुणी नुकतंच वाईट बोललंय.
मला कळलं. अंगाला कळलं नाही.

रायाजी उस्ताद विमानात कधी बसले नाहीत.
दहाव्या वर्षी त्यांनी मला दोरीच्या मल्लखांबावर चढवलं,
तेव्हापासून माझं अंग त्यांना पाठ आहे.
फोन नाकाजवळ धरून
माझी उडी त्यांनी चार वेळा पाहिली.
ढगांबद्दल काही बोलले नाहीत.
म्हणाले, "गुडघे खुर्ची शोधतायत."

मी पुन्हा पाहिलं.
बारा हजार फुटांवर, खाली कोसभर रिकामं,
आणि माझे गुडघे जरासे वाकलेले,
बँकेत नंबर पुकारायची वाट बघत असल्यासारखे.
इतकी वर्षं बाकीचं अंग उडत होतं
आणि हे दोघे बसून होते.

संक्रांत नुकतीच झाली होती. उस्तादांच्या खिडकीत
तारेला अडकलेला एक जांभळा पतंग होता.
तो त्यांनी काठीने ओढून घेतला,
कन्नीची गाठ तांदळाच्या दाण्याएवढी सरकवली,
त्यांचा उजवा हात हल्ली कापतो, म्हणून दोनदा.
"कागद तोच, कामट्या त्याच, वारा बडोद्याचाच," म्हणाले,
आणि पतंग मला न देता
कपाटावर ठेवला.

मग महिनाभर बाकावर फक्त गुडघे.
मांडीचा पुढचा स्नायू ताण, पण कपाळावर आठी नको.
पावलं ताठ, अंगठे लांब,
पण पोटरीत गोळा नको.
घट्ट आणि कडक यांत फरक असतो,
तो शब्दांत सांगता येत नाही,
गोळा आला की कळतो.
ऑफिसात लिफ्टमध्ये उभी असताना
मी गुडघे कुलूपबंद करून पाहायची.
रिफायनरीच्या बसमध्येही,
तिथे सगळे बसलेले असायचे.

फेब्रुवारीत उडाले.
दारातून निघताना घाई केली नाही,
पंख उघडायच्या आधी वाऱ्याला एक श्वास दिला,
मग हात, मग पाय, आणि मग ते दोघे:
सरळ.

आवाज बदलला.
आधी चादर झटकल्यासारखा फडफडाट असायचा,
आता एकच लांब शीळ, खालच्या सुरातली,
आणि पायांमधलं कापड ताशाच्या चामड्यासारखं ताणलेलं.
काही तरी मला मागून ढकलत होतं
आणि ते मीच होते.

एरंडाच्या शेतात उतरले. पोशाखात ढेकळं.
तिथूनच फोन लावला.
"दोन मिनिटं चोवीस सेकंद," मी म्हणाले.
"आधी?"
"दोन तेरा."
पलीकडे हिशेब चालला होता, मला ऐकू येत होता.
"त्या अकरा सेकंदांत काय केलंस?"
"काही नाही. बसले नाही."
ते हसले की खोकले, कळलं नाही.
मग विचारलं, "आणि हनुवटी?"

मी गप्प.
जमीन बघायची सवय. डोळे खाली गेले
की डोकं जातं, मागोमाग सगळं.

"रविवारी ये," म्हणाले. "येताना शेव-उसळ आण,
तिखट वेगळं."