चिखल आणि देशी

हेमराजच्या वडिलांनी विचारलं, पंक म्हणजे काय गा?
शब्दकोशात पाहा ना काका, सुकेशिनी म्हणाली, चिखल.
आणि कंट्री?
ते त्यांना माहीत होतं. तांडापेठेच्या कोपऱ्यावर
पिवळ्या बोर्डाचं दुकान होतं त्याचं.

अल्बमचं नाव तिथंच ठरलं.
दोन कॅसेट, चार बाजू, एक डबी,
कारण भांडण एका कॅसेटमध्ये मावेना.

सुकेशिनीचं गाणं दीड मिनिटाचं.
तीन कॉर्ड. चौथी शिकायला सवड कोणाला?
इंदोऱ्याहून सायकल दामटत यायची
आणि लागलेल्या दमातच गायची:
कोरडा नळ, वसतिगृहाची यादी,
यादीत फक्त तिच्याच आडनावाशी
कुणीतरी पेन्सिलीनं केलेली बारीक खूण.

मर्विन अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधला.
बाप मालगाडीचा गार्ड, घरात ग्रामोफोन,
रविवारी चर्चहून आलं की त्यावर घोडे, पूल,
कुणाची तरी वाट पाहणारी आई.
त्याचं गाणं सहा मिनिटांचं,
त्यातली पहिली दोन मिनिटं गाडी नुसती सुटतच असते.
फुटक्या बाटलीचा गळा करंगळीत घालून
तारेवरून घसरवायचा तो,
आणि तार लहान पोरासारखी मुसमुसायची.

रडून काय होते बे? ती.
ओरडून काय होते? तो.
मी बेस वाजवायचो.
बेसवाल्याला कुणी काही विचारत नाही.

सोमवारी हेमराजकडचे माग बंद,
म्हणून त्याच शेडमध्ये रेकॉर्डिंग, सुताच्या धुळीत शिंकत.
पण शेजारच्या नंदनवारांचे माग सोमवार मानत नसत.
खटक खट, खटक खट, भिंतीतून.
गाद्या लावल्या, पोती लावली,
हेमराजनं शेवटी झुंज सोडली
आणि ड्रम त्याच खटक्यावर बसवले.
चिखलही त्याच चालीत, देशीही.
तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

बर्डीवर कॅसेट भरून द्यायचे ढबाले काका.
लग्नं, कीर्तनं, एखादं प्रचाराचं भाषण.
त्यांना सांगितलं होतं: पहिलीत तिचं, दुसरीत त्याचं.
त्यांनी पंगतीत वाढतात तसं वाढलं,
एक तिचं, एक त्याचं, एक तिचं, एक त्याचं.
दोनशे डब्या. पैसे परत नाहीत.

सुकेशिनी त्या दिवशी तर्री-पोहे न खाता उठली.
मर्विन पायरीवर बसून राहिला,
मांडीवर सहा सेलवाला प्लेअर.
लाव तं खरं, हेमराज म्हणाला.

मर्विनची गाडी सुटली. दोन मिनिटं सुटतच राहिली.
आई दिसेनाशी झाली, पूल गेला,
अगदी शेवटी त्याच्या बापाची खरी शिटी,
आणि शिटीच्या शेपटावर पाय देऊन
सुकेशिनी किंचाळली,
जणू त्याच गाडीतून मधल्या स्टेशनावर
हात धरून उतरवलेली.

सायकलचं स्टँड काढता काढता
ती थांबली.
मागे घे, म्हणाली. परत लाव.

ढबाले काकांना आम्ही विचारलं, काऊन केलं असं?
म्हणाले, मले तं सारे एकाच घरचे वाटले.
आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं कीर्तन भरायला घेतलं.

एकसष्ट डब्या खपल्या. त्यातल्या नऊ
मर्विनच्या मावशीनं घेतल्या.
तो आता पर्थला ट्रक चालवतो.
सुकेशिनी कामठीच्या कोर्टात उभी राहते,
अजून दीड मिनिटात बोलणं संपवते म्हणतात.
शेडच्या जागी कुलरचं गोदाम आहे.

माझ्याकडे एक डबी उरली आहे.
चौथ्या बाजूला गाणी संपल्यावर
टेप उरते, आणि ती नीट पुसलेली नाही.
आधी नंदनवारांचा माग, कुणी न वाजवता,
मग खरखर, मग खालून वर येतं
कुणाचं तरी जुनं लग्न, भटजींचा बसलेला आवाज:
मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.
तीनदा बोलावतात.
मामा येण्याआधी
टेप संपते.