पुलाखालून

एकतीस वर्षं मी पूल उचलला.
डुलुथच्या बंदरातला, लोखंडी.
आधी जहाजाचा भोंगा, मग माझं बटण,
मग तो अख्खा सांगाडा असा अलगद वर
की केबिनमधल्या माझ्या कॉफीवर तरंग उठायचा नाही.

म्हणून डॉक्टर लुंडग्रेन चित्र काढून सांगू लागले,
इथे पंप, इथे दोन नळ्या,
इथे खाऱ्या पाण्याची पिशवी, मूत्राशयाला लागून,
दाबलं की वर, सोडलं की खाली,
तेव्हा मी म्हणालो, कळलं, हे काम मला येतं.
मार्लिस हसली.
प्रोस्टेट गेल्यापासून त्या विषयावर
ती पहिल्यांदा हसली.

बाकीचं कागदावर होतं, पान अकरावर.
मी नऊवरच सही केली.

दुसऱ्या सकाळी नळी काढली.
ओडेट नावाची नर्स, हातात चोचीचं भांडं,
म्हणे, लघवी झाल्याशिवाय घरी नाही.
तिने बेसिनचा नळ सोडून दिला, माझी लाज राखायला की वाट दाखवायला
ठाऊक नाही.
खिडकीबाहेर फेब्रुवारी, सरोवर थिजलेलं.
मी उभा.
सरोवर थिजलेलं.
भांड्यात चाळीस मिली,
आत सहाशे.
नळी परत.

तीन दिवस पिशवी पोटरीला बांधून हिंडलो.
रविवारी चर्चमध्ये सगळे प्रार्थनेला उठले
आणि माझ्या पायात काहीतरी डुचमळलं, कोमट.
पुढच्या बाकावरचा थॉर्वाल्ड वळून म्हणाला, बरा दिसतोस.
पिशवी रिकामी करायचं काम मार्लिसचं.
तिने चाळीस वर्षांत माझे मोजेसुद्धा उचलले नव्हते.

मग नळी सुटली, आणि आग.
मिरची लागलेला हात डोळ्याला लावावा तशी, पण तिथे.
सुजेपायी धारेला फाटे फुटले,
एक भांड्यात, एक मार्लिसच्या पिवळ्या टॉवेलवर.
सदुसष्टाव्या वर्षी मी बसायला शिकलो.
पंपाला सहा आठवडे हात लावायचा नाही.
ज्यासाठी हे सगळं केलं ते कपाटातल्या नव्या बुटासारखं,
आणि अनवाणी मी रात्रीतून सहा वेळा
त्या थंड फरशीवर.

शंकेला लघु म्हणतात.
म्हणोत.
नव्या पिशवीला शेजार अजून मानवला नव्हता,
भरलेलं नसताना भरल्यासारखं वाटायचं.
भोंगा वाजतो, मी धावत जाऊन पूल उचलतो,
खाली जहाजच नाही.

थेंबे थेंबे तळे साचे?
इथे थेंबे थेंबे रात्र.

मार्लिस टबच्या काठावर बसायची, शाल घेऊन, वही घेऊन.
वेळ, मिली, शेरा.
आम्ही इतके जवळ कधी बसलो नव्हतो,
इतक्या उघड्या दिव्याखाली,
आणि बोलायचो ते थॉर्वाल्डच्या कुत्र्याबद्दल,
भट्टीच्या बिलाबद्दल,
एकदा, फक्त एकदा, तिच्या त्या गर्भाबद्दल
जो राहिला नाही, आणि मी तेव्हा पाळीवर होतो.
मला शब्द सुचेना.
ती म्हणाली, तू तुझं कर.

मार्चच्या शेवटी, पहाटे तीनला
खालून बर्फ तडकल्याचा आवाज आला,
मग भोंगा. खरा. मोसमातलं पहिलं जहाज.
माझा हात आपोआप गुडघ्यावर बटण शोधू लागला,
आणि लक्ष तिकडे असताना इकडे
सरळ, एकसंध, न जळता
सुटलं.
आम्ही दोघं गप्प ऐकत बसलो.
दोनशे सत्तर.
शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, जहाज.

झालं? म्हणाली.
झालं, म्हणालो.
दिवा मालवून पलंगापर्यंत येतो तो
पायजम्यात दोन थेंब.
उशिरा निघालेली होडी असते एखादी.
तिच्यासाठी कुणी पूल उचलत नाही.