उधारी

माझ्या दुकानात पाटी आहे: आज रोख, उद्या उधार.
तिच्याखाली बसून अठरा हिवाळे
ही माणसं उद्याचंच बोलतायत.

बाहेर उणे एकतीस. रिंकच्या जिन्याखाली माझी खोली,
धारेचं चाक, एक हीटर, तीन खुर्च्या.
स्केटच्या जोडीला आठ डॉलर.

ओरेस्ट हनात्यूक कॉफीच्या कपावर आकडे मांडतो.
सव्वीस सामने उरले, आठव्या जागेला सात गुण कमी.
"पंधरा जिंकायचे," म्हणतो, "वरच्यांनी जरा हरायचं, बस."
कप फिरवून मागच्या बाजूला पुन्हा मांडतो.
तिथे सतरा येतात.

"आणि पोचून काय?" रेआल तिबो खुर्ची पुढे ओढतो.
"आठवे म्हणून जायचं, पहिल्यांकडून चार सामन्यांत
सडकून मार खाऊन यायचं, त्याला प्लेऑफ म्हणायचं?
गोलीला विका. उद्या दुपारी तीनच्या आत.
त्याच्या बदल्यात तीन पिक येतील. तीन वर्षांनी बघा मग."
"पिक म्हणजे कोण रे?"
"म्हणजे... येतील ना पोरं."
म्हणजे आज बारा वर्षांची, कुठेतरी
भूमितीच्या पेपरात आत्ता नापास होणारी.
बाजारात तुरी यायच्यात कुठे, पेरल्यासुद्धा नाहीत,
आणि इथे दोघांच्या गळ्याच्या शिरा टरटरून फुगलेल्या.

आमच्या जर्सीवर बगळा आहे. एका पायावर.
खरे बगळे ऑक्टोबरातच हे गाव सोडतात,
बर्फावर उभा बगळा इथे कुणी पाहिलेला नाही.
संघाला हे नाव ज्यानं दिलं
तोही हल्ली फ्लोरिडात असतो.
"बगळ्याकडून शिका," रेआल म्हणतो, "वाट बघणं."
"एकवीस वर्षं बघतोय," ओरेस्ट म्हणतो, "मासा कुठाय?
मी एकोणऐंशीचा आहे. मला तीन वर्षं सांगतोस?"

रेआल शाळेची बस चालवतो.
कागदाची मिल होती तेव्हा बेचाळीस पोरं बसायची,
आता सतरा.
हे तो वादात कधी काढत नाही.

तिसऱ्या खुर्चीत आउने लेहतिमाकी, खारट ज्येष्ठमधाची गोळी चघळत.
गोली तिच्या मागच्या खोलीत राहतो,
दूरच्या पोरांना संघ असाच कुणाकुणाकडे ठेवतो.
"काल त्यानं नळाचा वायसर बदलला," ती म्हणाली.
दोघे थांबले. पण पुढे काहीच आलं नाही
तेव्हा पुन्हा सुरू झाले:
बचावफळी म्हातारी, प्रशिक्षक घाबरट,
रिंकचं छप्पर कधी बदलणार, मालक संघ दक्षिणेला नेणार,
नेऊ दे, नेऊन दाखव म्हणावं.
मी चाक चालू केलं, म्हणजे ऐकू येऊ नये.
ठिणग्या उडतात तेवढा वेळ सगळ्यांचं बरोबर असतं.

"रात्री दोनला उठतो," आउने म्हणाली,
चाक थांबल्यावर, कुणालाच न उद्देशून.
"आईशी बोलतो. लाटव्हियात तेव्हा सकाळचे नऊ.
मला विचारत होता, विकलं तर कळवतात कसं? पत्र येतं का?"

आणि तेवढ्यात तोच. रेनार्स.
चौकटीखाली वाकून आत, हनुवटीवर एक पिकलेली पुटकुळी,
केस ओले, बाहेर अशा केसांनी येऊ नये हे त्याला कोण सांगणार.
"काय वाटतं तुम्हाला?" त्यानं विचारलं. "पोचू आपण?"

"न पोचायला काय झालं!" हे रेआल. सर्वांत आधी, सर्वांत मोठ्यानं.
ओरेस्टनं कपाची सतरावाली बाजू
तळव्यानं झाकली.

मी पातं अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढलं,
नखाचा पांढरा भुगा निघाला. धार बरी होती.
पात्यांवर कव्हरं चढवून जोडी त्याच्या हातात दिली.
तो हातमोजा दातांत धरून पाकीट शोधू लागला,
या खिशात, त्या खिशात.

"राहू दे," मी म्हटलं, "गुरुवारी दे."

आउनेनं आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
आज मंगळवार.